वाटाण्यातलं काळं विष

सभागृहात मुंगी शिरायला जागा नव्हती. व्यासपीठावर सत्त्वबाबांनी शिजवलेल्या वाटाण्यांचं पाणी काचेच्या पेल्यात ओतलं आणि तपकिरी बाटलीतले थेंब त्यात सोडले. बघता बघता पाणी शाईसारखं काळंनिळं झालं. लोकांनी श्वास रोखले.

"हे तुम्ही रोज पोरांच्या ताटात वाढता," बाबा हळहळले. "मातीतलं विष दाण्यात, दाण्यातलं रक्तात. वर म्हणता, अंगात ताकद का नाही!"

मग त्यांनी चिमूटभर पांढरं सत्त्वचूर्ण टाकून पेला ढवळला. काळेपणा विरला, पाणी निवळलं. कुणी डोळे पुसले, कुणी हात जोडले. डाळ-कडधान्य बंद करा, ओंजळभर डाळीचं बळ या एका चिमटीत आहे, असं बाबांनी सांगितलं आणि चूर्णाच्या डब्यांसाठी रेटारेटी सुरू झाली.

पुढच्या रांगेतल्या बाईंनी मात्र हात जोडले नाहीत. त्या शाळेत रसायनशास्त्र शिकवायच्या. शेजारी कुबड्या घेऊन त्यांचा थोरला भाऊ बसला होता. दादा गोदामात हमाल. आईवडील गेल्यावर पाठीवर पोती वाहून त्यानेच बहिणीला शिकवलं होतं. गेल्या हिवाळ्यात त्याच्या पायावर लोखंडी पेटी पडली. जखम भरायला प्रथिनं लागतात, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. दूध-अंडी परवडत नसतील तर डाळ, सोयाबीन, शेंगदाणे खा, पण पोटभर खा. वहिनीने तसा स्वयंपाक सुरूही केला. मग शेजारणींबरोबर तिने बाबांच्या अशाच एका सभेत पेला काळा होताना पाहिला आणि घरातलं सगळं कडधान्य उकिरड्यावर नेऊन ओतलं. दादा भाताच्या पेजेवर आणि चूर्णावर राहिला.

बाईंची नोकरी दूरच्या गावी. त्यांना कळलं तोवर जखम सडली होती. पाय कापावा लागला. "जंतू कुणाच्याही जखमेत शिरतात," डॉक्टर म्हणाले, "पण यांच्या शरीराकडे झुंजायला काही उरलंच नव्हतं."

बाई पोलिसांकडे गेल्या, तर वहिनी जबाबच देईना. बाबांचा कोप होईल या भीतीने तिची गाळण उडाली होती. तेव्हा बाईंनी ठरवलं, या माणसाचं पितळ त्याच्याच भक्तांसमोर उघडं पाडायचं. यात न्याय किती आणि सूड किती, हे त्यांनी स्वतःपासून लपवलं नाही. सूडच जास्त होता.

आता बाई दादाला घेऊन व्यासपीठावर चढल्या. भावाच्या अंगातलं विष उतरवा, अशी त्यांनी विनवणी केली आणि त्याआधी चूर्णाची परीक्षा आपल्या हाताने घेऊ द्यावी, अशी आर्जवी विनंती केली. आयतीच भक्तीण चालून आली म्हणून बाबांची कळी खुलली. बाटली त्यांनी स्वतःच पुढे केली.

बाईंनी कोऱ्या पेल्यात पाणी घेतलं, बाबांचंच चूर्ण मिसळलं आणि थेंब सोडले. रंग उमटला आणि नाहीसा झाला. टाळ्या पडल्या.

"पाहिलंत? विषाचा लवलेश नाही!" बाबा गरजले.

बाईंनी त्यांना पोटभर गरजू दिलं. मग पुन्हा थेंब सोडले. पुन्हा सोडले. पेल्यात निळसर रेघ तरंगली आणि विरेना.

"पुरे झालं, ताई."

बाई थांबल्या नाहीत. बाबांनी बाटलीकडे हात टाकला, तेव्हा दादाने मध्ये कुबडी आडवी धरली. पुढच्या थेंबांनी सत्त्वचूर्ण वाटाण्यांपेक्षाही काळं पडलं. बाईंनी पेला उंच धरला.

"डब्यात काय आहे ते मीही सांगू शकते," त्या थंडपणे म्हणाल्या. "पण तुम्ही सांगा. माझ्या भावाच्या तोंडाकडे बघून सांगा."

बाबांची बोबडी वळली. "तांदळाचं पीठ," ते पुटपुटले. "आणि... आणि सी जीवनसत्त्वाच्या गोळ्या. कुटून."

"मोठ्याने."

त्यांना पुन्हा सांगावं लागलं. घामाने त्यांचा अंगरखा भिजला होता. ते बघताना बाईंना जे सुख झालं, त्याची लाज त्यांना तेव्हा वाटली नाही, पुढेही कधी वाटली नाही. चिडलेले लोक मारायला धावले, तेव्हा त्याच आडव्या झाल्या. चार रट्टे खाऊन हा सुटायला नको होता. याला तुरुंगातच जायला हवं होतं. गर्दीत मागे बसलेली वहिनी पुढे आली आणि जबाब द्यायला स्वतःहून ठाण्यात निघाली. दादा मात्र पेल्याकडे बघत राहिला. "इतकं सोपं होतं?" एवढंच तो म्हणाला.

पोलीस येईपर्यंत बाईंनी सगळं उलगडून सांगितलं. बाटलीत आयोडीन होतं. पिठूळ, म्हणजे स्टार्च असलेल्या पदार्थावर ते पडलं की काळंनिळं होतं. भातावर टाका, पावावर टाका, बटाट्यावर टाका. ते विष नव्हे, पीठ आहे. सी जीवनसत्त्व आयोडीनचा रंग मारतं, पण ते संपलं की पुढच्या थेंबांनी काळेपणा परततो.

गर्दीतल्या एका धोबिणीने विचारलं, "मग आम्ही गरिबांनी खायचं काय?"

"तुम्ही फेकलंत तेच," बाई म्हणाल्या. "डाळीला भाताची जोड द्या. वाटाणे, हरभरे, सोयाबीन नीट शिजवून खा. मूठभर शेंगदाणे खा. बळ त्यात आहे आणि ते तुमच्या ऐपतीत आहे. आणि पुन्हा कुणी चमत्कार दाखवला, तर हात जोडू नका. बाटली आपल्या हातात घ्या, आणि तो पुरे म्हणाला तरी थेंब टाकत राहा."