बुध्याची झोळी

अहो, जरा बाजूने! पाय लावू नका मला. हंडा उतरवल्यावर सकू जी फडक्याची चुंबळ कुडाशी टाकते ना, ती मी. आज अशी गुंडाळलेली दिसते, पण एके काळी मी झोळी होते आणि त्याही आधी सकूचं लग्नातलं लुगडं. जव्हारला राजाचं राज्य होतं, तेव्हाची ही गोष्ट.

शिरपामाळाच्या खालच्या अंगाला आमचा पाडा. सकूची आधीची दोन बाळं बोलू लागायच्या आत गेली. त्यांना शेवटचं गुंडाळलं ते माझ्याच पदरात. म्हणून ऐन पावसाळ्यात बुध्या झाला, तेव्हा सकूने मला फाडून त्याची झोळी केली आणि शेताच्या बांधावर उभी राहून नवस बोलली.

"धरतरी माये, नव्या भाताचा पयला घास तुला देन, मंगच पोराचा पाय भुयला लागंल. तवर त्याला वरच ठेवन."

भात काही लांब नव्हतं. कुणालाच त्यात वावगं वाटलं नाही. पण त्या साली पावसाने मधेच दडी मारली आणि पाड्यातलं सगळं भात उभ्याउभ्या वाळलं. डोंगरउतारावरच्या वरकस रानातली नागली तेवढी हाती लागली.

"नागलीचा घास दे नं," बुध्याचा बाप सावळा म्हणाला.

"भात बोलले ती भातच देन," सकू म्हणाली. दोन लेकरं गमावलेल्या बाईशी कोण वाद घालणार? बुध्या आणखी एक साल माझ्यातच राहिला.

बाया राजाच्या रस्त्यावर खडी टाकायला गेल्या की पाड्यातली सगळी पोरं हिरी म्हातारीच्या अंगणात असत. मला तिथल्या मोहाच्या फांदीला टांगत. खाली एक पोर रांगतंय, दुसरं माती खातंय, तिसरं शेळीचा कान धरून उठतंय आणि दाणकन बसतंय, असा नुसता धुडगूस! बुध्या माझ्या काठावरून बघायचा आणि पाय झाडायचा. मग त्याच्या बरोबरीची फागी अंगणभर दुडदुडू लागली, आणि का कोण जाणे, त्याने पाय झाडणंच सोडलं. तो माझ्यात गप्प पडून राहू लागला.

"याच्या पायात जीव नाय गे," पाणी प्यायला आलेली एक बाई बोलून गेली. त्या संध्याकाळी सकू कितीतरी वेळ त्याचे तळवे चोळत बसली होती.

मी काय करणार? मला तर धरून ठेवायचंच काम. धरून ठेवावं तर पोराचे पाय जातात, सोडावं तर नवस मोडतो. आणि नवस मोडून काही झालं तर? तिसऱ्यांदा तसलं काम माझ्या नशिबी नको होतं.

एके दुपारी हिरीने बुध्याला काढलं आणि आपल्या मांडीवर उभं केलं. नेमकी सकू लवकर परतली.

"आये, काय करतंस! नवस हाय माझा!"

"भुई कुठं हाय गे? माझी मांडी हाय ही," हिरी शांतपणे म्हणाली. "मांडीचा नवस नाय केलास तू."

बुध्याला उचलायला पुढे आलेला सकूचा हात तसाच राहिला. मग ती खाली बसली आणि तिने स्वतःची मांडी पुढे केली. तेव्हापासून येईल ती बाई त्याला मांडीवर उभं करी. फागीसुद्धा फांदीखाली येऊन माझ्यावरूनच त्याच्या तळव्यांना हात लावी. तो हळूच ढकली, तीही ढकली, आणि दोघं खिदळत.

पुढच्या पावसाळ्यात मी पायाकडून विरू लागले. रोज एखादा धागा तुटे. माझे दिवस भरले, आता मीच याला पाडणार, या भीतीने मला चैन पडेना. सकूने ठिगळ लावलं, तेही उसवलं. ती रडकुंडीला आली.

हिरीने भोकातून बोट घातलं. "बघ तं कुठं फाटली ती. टाचंखाली! पोरगा लाथा मारतंय तुझा."

सकू हसली आणि हसता हसता रडली.

त्या साली भात चांगलं पिकलं. मोहाखाली पळसाच्या पानावर धरतरीला घास ठेवून सकूने बुध्याला खाली उतरवलं. त्याचे गुडघे वाकले आणि तो बसला. पाड्यातली सगळी माणसं जमलेली. सकूचा चेहरा मला बघवेना.

तेवढ्यात बुध्याने माझा लोंबता काठ धरला आणि सगळा भार माझ्यावर टाकला. चर्रकन आवाज झाला. आता नको, आता तरी नको, असं म्हणत मी उरल्यासुरल्या धाग्यांनी तग धरला. तो उठला. ओल्या मातीत त्याने अंगठे रुतवले, खाली आपल्याच पायांकडे बघितलं.

"ये," सकू म्हणाली.

त्याने मला सोडलं.

आता तो शेळ्यांमागे माळ चढतो आणि मी त्याच्या आईच्या डोक्यावर हंडा सांभाळते. माझं काही दुखणं नाही. बायांनो, एवढंच सांगते. लेकराला जिवापाड धरा, पण झोळी फाटली तर लगेच सुई शोधू नका. आधी बघा, कुठे फाटली.