एकदाच नेसलेली

साखरपुड्याची साडी फॉल लावायला म्हणून दिशानं मशीनवर पसरली, आणि काठावरून बोट फिरवता फिरवता तिचा हात थांबला. काठाच्या आतल्या बाजूनं, या टोकापासून त्या टोकापर्यंत, सुईची बारीक भोकं होती. मध्येच कुठे हिरव्या दोऱ्याचे तुकडे चिकटून राहिलेले. म्हणजे या साडीला आधी एकदा फॉल लागला होता. कुणीतरी तो जपून उसवला होता आणि वरून इस्त्री फिरवून साडी परत खोक्यात घातली होती.

तिनं साडीचं आतलं टोक पाहिलं. नव्या साडीला तिथे ब्लाउजपीस जोडलेला असतो. इथे तो कापून घेतलेला होता. साखरपुड्याला मिळालेला पीस वेगळा होता, रंगानं जरा फिकाच, पण त्या दिवशीच्या गडबडीत कोण बघतंय? आता सगळं दिसलं आणि दिशाच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

जुन्या साडीचं तिला वावडं होतं असं कुणी समजू नये. तिचं पोटच जुन्या साड्यांवर होतं. मंचरच्या बाजारात कपड्यांवर भांडी देणाऱ्या बाया गठ्ठे सोडून बसायच्या, त्यांतून ती साड्या निवडून आणायची. विरलेलं काढून टाकायचं, धड असेल ते ठेवायचं. त्यातून पोरींचे परकर, झबली, एखाद्या बारशाचं कुंचडं. घोडेगावात एसटी स्टँडजवळ तिची पत्र्याची टपरी होती. डोंगरातल्या वाड्यांवरच्या बाया गाडीची वाट बघता बघता तिथे डोकवायच्या आणि ज्यांना नवं परवडत नव्हतं त्यांच्या पोरी दिशाच्या परकरात सणाला मिरवायच्या. पण गिऱ्हाईक कितीही भुललं तरी दिशा आधी सांगायची, "मावशी, जुन्या साडीचं हाय बरं का. काठ टिकंल, पोत तेवढा टिकायचा नाय." ते ऐकून काही बाया परकर ठेवून चालू लागायच्या. त्यांना ती अडवत नसे.

आणि याच धंद्यावरून होणाऱ्या सासूनं, शीलाबाईंनी, नाक मुरडलं होतं. बोलणी चालू असताना, चहाचा कप हातात धरून त्या म्हणाल्या होत्या, "लोकांच्या अंगावरनं उतरलेल्या चिंध्या आमच्या सुनंनं शिवायच्या न्हाईत. मशीन हितंच ठिवायची." दिशाच्या बापानं, भिमानं, लगेच मान डोलावली. स्थळ आणणारे दादाभाऊ, भिमाचे चुलतभाऊ, म्हणाले, पोरगा चाकणच्या कंपनीत कायम झालाय, एवढं चालायचंच. दिशाही मूग गिळून बसली, कारण पोरगा, सार्थक, तिला आवडला होता. फोनवर तो हळू बोलायचा, तिचं ऐकून घ्यायचा. त्याच्यासाठी टपरी सोडायची, असं ती रोज स्वतःला समजावत होती आणि रोज तिला वाईट वाटत होतं.

तिच्या कामाला चिंध्या म्हणून हिणवायचं आणि वर तिलाच दुसरीची उतरलेली साडी नेसवायची. नाकानं कांदे सोलायचे तरी किती, याला काही सुमार?

तिनं साडी उचलून आईपुढे धरली. हिरा भाकरी थापत होती. भोकं बघायला तिनं हात पुसायचीही तसदी घेतली नाही.

"गप ऱ्हा," ती म्हणाली. "कुणाला बोलू नको. एकदा लगीन हुंदे."

"आई, फसवलंय त्यांनी."

"साडीच हाय ना? पोरगं तर नवं हाय."

मेंढरं वाड्यात कोंडून भिमा आत आला. त्यानं ऐकून घेतलं आणि हसला. त्या हसण्यानं दिशाच्या अंगाचा तिळपापड झाला.

"तूबी जुन्याचंच शिवती की," तो म्हणाला. "तुला कशाचा राग?"

"मी सांगून इकते, आबा."

"लई शाणी," भिमा म्हणाला आणि पाय धुवायला गेला.

तिनं सार्थकला फोन लावला. साडी आधी कुणाची, एवढंच विचारलं.

"मागल्या साली माझा एक साखरपुडा झाला व्हता," तो म्हणाला. "मोडला तो. त्यांनी साडी परत दिली. एकदाच नेसलेली व्हती गं. आई म्हणली, एवढी भारी साडी, पडून ठेवून काय करायचं."

"दादाभाऊ तर म्हणले, एक स्थळ ठरता ठरता राहिलं."

"त्येच ते."

"अन् तू बोलला नायस."

"मला वाटलं, दुसऱ्या कुणाला लागंल, पण तुला काय वाटायचं नाय. तू तर रोज तेच करती."

हे तो मनापासून म्हणत होता, आणि तेच तिला जास्त झोंबलं. तिनं फोन ठेवला. आधी एका शब्दानं म्हणाला असता, दिशा, हात आखडलाय, साडी एकदा नेसलेली आहे, चालेल का, तर ती हसत नेसली असती. जुना दोरा स्वतः वेचून काढला असता, पदराला गोंडे लावले असते. कपडा जुना असल्याचा राग नव्हताच. आपल्याला काय, चालतंय, असं तिच्या माघारी परस्पर ठरवल्याचा होता. आणि एवढी साधी गोष्ट बापाला कळत नव्हती, नवऱ्या मुलाला कळत नव्हती, आई तर कळूनही भाकरी थापत होती.

आठवड्यानं मंडळी लग्नाची तारीख धरायला आली. शीलाबाई, सार्थक आणि दादाभाऊ. सतरंजी टाकली, चहा झाला. दादाभाऊंनी मोबाइलवर पंचांग काढलं, तेवढ्यात दिशा साडीचं खोकं घेऊन बाहेर आली आणि खाली बसली.

"तारीख धरा," ती म्हणाली. "फकस्त ही साडी मोडलेल्या साखरपुड्याची हाय, हे दोन्हीकडच्या माणसांत सांगा. अन् माझी टपरी चालू ऱ्हाणार, तेबी सांगा."

दादाभाऊंनी घसा खाकरला. भिमा जमिनीकडे बघू लागला. शीलाबाईंचा चेहरा क्षणभर उतरला, पण क्षणभरच.

"एकदाच नेसलेली हाय," त्या म्हणाल्या. "अन् तुमच्या घरात कुठं नवं कापड येतंय? उपकार माना."

"मग चिंध्या कुणाला म्हणला व्हता तुमी?"

"पोरीला तोंड लई हाय, दादाभाऊ. आधी बोलला न्हाईत."

दिशानं सार्थककडे पाहिलं. तो बाहीचं बटण लावत होता, खरं तर ते सुटलेलंच नव्हतं. तिच्या मनातलं काय राहिलं असेल ते तेवढ्यात संपलं.

"मग मला करायचं नाय हे लगीन," ती म्हणाली.

"नगं तर नगं," शीलाबाई उठल्या. "आमची साडी तेवढी द्या, तुमचा पोशाख तुमाला पोचता करू. अन् अशी न्हाई. इस्त्री मारून, नीट घडी घालून द्या."

इस्त्री म्हणताच दिशाच्या डोळ्यांपुढे ती पहिली पोरगी आली. नाव ठाऊक नाही, गाव ठाऊक नाही. तिच्याही ओटीत याच हातांनी नारळ घातला असेल, तिलाही काहीतरी सोड म्हणून सांगितलं असेल. आणि मोडल्यावर बिचारीनं एकेक टाका उसवून, कापड न दुखवता, साडी शहाण्यासारखी परत केली. तिच्या शहाणपणानंच ती साडी दिशाच्या अंगावर आली. आता दिशानं घडी घातली की साडी पुन्हा खोक्यात जाणार, आणि येत्या लग्नसराईत आणखी कुणाच्या तरी घरी सतरंजी पडणार.

ती मशीनकडे गेली आणि मोठी कात्री घेऊन आली. साडी झटकून तिनं सतरंजीवर उलगडली आणि पदरातच कात्री घातली.

"अगं ए," दादाभाऊ म्हणाले. "द्यायची हाय ती."

"देतीच हाय."

भिमा उठला, काय करावं ते न सुचून पुन्हा बसला. साडी रेशमी, गुळगुळीत. एका हातानं आवरेना. कात्री वाकडी पळू लागली, जरीचे धागे उसवून पात्यांत अडकले. शीलाबाईंनी पुढे होऊन काठ धरला आणि ओढला.

तेव्हा स्वयंपाकघरातून हिरा आली. तिनं शीलाबाईंच्या मुठीतून काठ सोडवून घेतला. दिशाला वाटलं, संपलं, आता ही गोळा करून घडी घालणार. पण हिरा दुसऱ्या टोकाला जाऊन बसली आणि तिनं साडी दोन्ही हातांनी ताणून धरली.

"सरळ काप," ती म्हणाली.

दिशानं आधी लांबीत कापली, मग आडवी कापली. वाड्यातली मेंढरं तेवढी ओरडत होती. कापून झाल्यावर हिरानं सगळे तुकडे वेचले, एकावर एक रचले, खोक्यात घातले आणि खोकं शीलाबाईंच्या हातात दिलं.

"बघून घ्या, सगळी हाय," ती म्हणाली. "फकस्त आता कुण्या पोरीला नेसवता यायची न्हाई."