आणखी कुठली गोळी
डॉक्टरबाईंनी विचारलं, "आणखी कुठली गोळी चालू आहे का?" जयमाला "नाही" म्हणाली. दुपारी ती दवाखान्यातून परतली तेव्हा घरात एक भिंत जास्त होती.

भिंत सोफा आणि खिडकीच्या मधोमध उभी होती. रंग बाकीच्या भिंतींसारखाच, फिकट पिवळा. तिचा नवरा उमाकांत वळसा घालून खिडकीपाशी गेला. "उजेड कमी येणार आता," एवढंच तो म्हणाला. सासूबाईंनी हात लावून पाहिला. "ओल नाही," असं म्हणून त्या कणीक मळायला गेल्या.

मूल इतक्यात नको, हे दोघांनी मिळून ठरवलं होतं. सासूबाईंच्याही कानावर घातलं होतं. "तुमचं तुम्ही बघा," म्हणून त्यांनी विषय मिटवला होता. लपवाछपवी त्यात नव्हती. लपवलेलं होतं ते वेगळंच. जयमालाला शाळेत असताना फिट यायच्या. रोजच्या गोळीने त्या थांबल्या, पण लग्न ठरताना आईने बजावलं होतं, "गोळी घे, पण त्याबद्दल चकार शब्द काढू नकोस." तेव्हापासून गोळ्यांचं पाकीट स्वयंपाकघरात मेथीच्या डब्यात, दाण्यांखाली असायचं. आणि दवाखान्यात उमाकांत शेजारच्याच खुर्चीत बसला होता.

गर्भपाताची पहिली गोळी ती डॉक्टरबाईंसमोरच गिळून आली होती. पुढच्या गोळ्या घरी घ्यायच्या होत्या. पोटात दोन औषधं एकमेकांवर उठली तर? या धास्तीने त्या दिवसापासून तिने फिटची गोळी बंद केली.

दुसऱ्या दिवशी दवाखान्यातल्या सिस्टरचा चौकशीचा फोन आला. "बाकी काही औषध घेत नाही ना?" सासूबाई समोर लसूण सोलत होत्या. "नाही," जयमाला म्हणाली. फोन ठेवून ती वळली तर पलंगाच्या पायथ्याशी दुसरी भिंत होती. उमाकांतने पलंग तिरका करून पाहिला, तो बसला नाही. मग त्याने तो उभा करून ठेवला आणि खाली गाद्या घातल्या.

"घरमालकाला विचारायला हवं होतं," सासूबाई म्हणाल्या.

"काय विचारणार?" उमाकांत म्हणाला. "भाडं तेवढंच आहे."

पुढच्या गोळ्या घेतल्यावर थोड्या वेळाने पोटात कळा सुरू झाल्या. डॉक्टरबाईंनी सांगितलंच होतं, कळा येतील, रक्त जाईल, म्हणून ती त्याला घाबरली नाही. सासूबाई आडव्या होऊन दोन भिंतींमधून आत आल्या. "ही घे, ॲस्पिरिन आहे. माझी डोकेदुखी हिनेच थांबते. दुसरं काही घेत नाहीस ना तू?"

"नाही, आई."

सासूबाई परत गेल्या आणि त्यांच्या पाठोपाठ फट बंद झाली. आता मोरीचं दार आणि पाय मुडपून बसता येईल एवढी फरशी उरली. पलीकडे कुकरची शिट्टी झाली.

तेवढ्यात जयमालाच्या डाव्या हाताच्या बोटांना मुंग्या आल्या. तोंडात लोखंडाची चव उतरली. ही चव तिला शाळेतल्या बाकावरून ठाऊक होती. तिने उजव्या हाताने डॉक्टरबाईंना फोन लावला आणि हलक्या आवाजात सगळं सांगून टाकलं.

"फिटची गोळी बंद केलीत?" डॉक्टरबाई म्हणाल्या. "कुणी सांगितलं बंद करायला?"

"कुणी नाही."

"आत्ताच्या आत्ता घ्या. तिच्यामुळे आपल्या गोळीचा असर थोडा कमी होऊ शकतो. म्हणून तर मी विचारलं होतं. तपासणीला लवकर बोलावते, बघू आपण. ती ॲस्पिरिन घेऊ नका, रक्त जास्त जाईल. दुखण्यासाठी मी दिलेली गोळी आहे, तीच घ्या. फिट आली किंवा रक्त फार जायला लागलं तर लगेच दवाखान्यात यायचं. आणि एकट्या बसू नका. घरात कोण आहे?"

"आहेत सगळे."

"मग त्यांना सांगा."

फोन ठेवल्यावर नवी भिंत आली नाही. आधीच्या मात्र तशाच राहिल्या. जयमालाने भिंतीवर थाप मारली.

"अहो!"

"काय गं?" उमाकांतचा आवाज अगदी जवळून आला.

"मेथीच्या डब्यात खाली पाकीट आहे. त्यातली एक गोळी द्या मला."

"कसली गोळी?"

तिची जीभ जड होऊ लागली होती. "फिटची. मला फिट येतात. लग्नाच्या आधीपासून. माझ्या आईने सांगू दिलं नाही, मग माझ्याच्यानेही सांगवलं नाही."

पलीकडे कुकर शांत झाला. मग डब्याचं झाकण निघाल्याचा आवाज आला, आणि मेथीचे दाणे फरशीवर सांडत राहिले, डब्यात मावतील त्याहून कितीतरी जास्त.

भिंतीला तडा गेला नाही. तिच्यातून कोपरापर्यंत एक हात बाहेर आला. तळहातावर पांढरी गोळी होती. हात उमाकांतचा नव्हता. मनगटात सासूबाईंच्या बांगड्या होत्या आणि बोटांना लसणाचा वास होता.

जयमालाने गोळी उचलली आणि मोरीच्या नळाचं पाणी ओंजळीत धरून गिळली. हात मागे गेला नाही. तसाच उघडा राहिला, वाट पाहत असल्यासारखा. तिने मुंग्या आलेला आपला डावा हात त्यात ठेवला.

बोटं मिटली, घट्ट.