तीन पिल्लं उडाली

घड्याळजींना पक्ष्यांतलं ओ की ठो कळत नव्हतं, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. चाळीस वर्षं डोळ्याला भिंग लावून घड्याळांची पोटं उघडली, तेव्हा हातभर अंतरापलीकडचं जग त्यांच्यासाठी तसं परकंच. काळा तो कावळा, पांढरा तो बगळा, आणि राहिलेल्या सगळ्या चिमण्या, असा त्यांचा सुटसुटीत हिशेब.

बायको बरोबर उलटी. जन्मभर प्राथमिक शाळेत शिकवलं, म्हणून सगळी गल्ली तिला बाई म्हणायची आणि घरात घड्याळजीही बाईच म्हणायचे. बाईंची एक जाड वही होती. घराच्या आसपास दिसलेला प्रत्येक पक्षी तारखेसकट त्या वहीत जायचा. नियम एकच: पाहिलं ते लिहायचं, वाटलं ते नाही. एकदा कुंपणावरून निळं काहीतरी सुर्रकन गेलं. घड्याळजी उत्साहाने म्हणाले, "खंड्या! लिही लवकर."

"चोच पाहिलीत?"

"नाही."

"मग निळं काहीतरी गेलं, एवढंच तुम्हाला माहीत आहे," म्हणत बाईंनी पेनाला टोपण लावलं.

अशा बाई न्हाणीघरात घसरल्या आणि खुबा मोडला. शस्त्रक्रिया झाली, हाड जुळलं, पण मनाने जी हाय खाल्ली ती काही केल्या जाईना. व्यायाम शिकवणारी मुलगी रोज यायची, गोड बोलायची, रागवायची, आणि बाहेर येऊन घड्याळजींना बजावायची, "आजोबा, आजी आत्ता उठल्या नाहीत तर पुढे उठणार नाहीत." बाई पलंगाची कड धरून बसायच्या, पाय जमिनीला टेकवायच्या आणि घाम फुटला की पुन्हा आडव्या व्हायच्या. चाळीस मुलांच्या वर्गाला नुसत्या नजरेने गप्प बसवणारी बाई जमिनीला घाबरत होती.

खिडकीबाहेर दहा हातांवर बदामाचं कोवळं झाड होतं. एका सकाळी बाईंनी हाक मारली, "अहो, दुर्बीण द्या. शिंपी आलाय." हिरवट पाठ, तांबूस माथा आणि ताठ उभी शेपटी. एवढासा जीव, पण घसा असा की शेजारची गाडी सुरू व्हायला लाजेल. बदामाची दोन पानं काठाकाठाने शिवून त्याने आत घरटं केलं होतं. घड्याळजींना पक्षी कळला नाही, पण शिवण कळली. इतका बारीक टाका त्यांनाही भिंगाशिवाय जमला नसता.

अंडी फुटली. नर-मादी चोचीत अळ्या घेऊन पानांआड जायचे आणि रिकाम्या चोचीने परत यायचे. बाईंना तेवढंच दिसायचं. पुढे एक मोठं पान आडवं येत होतं. एका रात्री त्या म्हणाल्या, "एकदा पिल्लं दिसली असती ना, तर..." आणि लगेच स्वतःच म्हणाल्या, "पण हात नाही लावायचा. झाकलेलं आहे म्हणून जगतंय ते." मग जरा थांबून, "ती उडाली की मी उठेन. शब्द देते."

शब्द बाईंचा होता, म्हणजे दगडावरची रेघ. पण घड्याळजींच्या कानात राहिलं ते पहिलं वाक्य.

दुसऱ्या दिवशी बाई औषधाच्या गुंगीत असताना ते बारीक कात्री घेऊन बाहेर गेले. मोठ्या पानाचा देठ कापला. बाजूचं एक पान दोऱ्याने मागे ओढून फांदीला बांधलं. गाठ अशी, की सुईच्या टोकाने सुटावी. घरट्याला बोटही लावलं नाही, असं त्यांनी स्वतःला तीनदा सांगितलं.

बाई जाग्या झाल्या, दुर्बीण डोळ्याला लावली आणि त्या ओरडल्याच. "तीन! अहो, तीन आहेत! चोची बघा कशा वासल्यात!" त्या दिवशी त्या पोटभर जेवल्या. संध्याकाळी त्यांनी विचारलं, "पुढचं पान कुठे गेलं हो?"

"वाऱ्याने गळलं असेल."

"असेल," बाई म्हणाल्या आणि पुन्हा दुर्बीण उचलली.

पुढच्याच दुपारी, बाई झोपलेल्या असताना, बाहेर एकच कालवा उठला. घड्याळजी मांडीवरचं गजराचं घड्याळ टाकून धावले. बदामावर भारद्वाज बसला होता. काळाभोर, पंख विटकरी, डोळे लाल. हा एक पक्षी मात्र त्यांना ओळखू आला. त्यांनी टाळ्या वाजवल्या, चप्पल भिरकावली. भारद्वाज सावकाश उडाला, आणि त्याच्या चोचीत शेवटचं पिल्लू होतं. घरट्यात वाकून पाहिलं तर कापसासारखं थोडं मऊ अस्तर, बाकी काही नाही. शिंप्यांची जोडी डोक्याभोवती घिरट्या घालत ओरडत होती, आणि घड्याळजींना वाटलं, ती आपल्यालाच ओरडतायत. बरोबरच होतं त्यांचं. दार आपणच उघडून दिलं. करायला गेलो एक आणि झालं भलतंच, असं म्हणायचीही सोय नव्हती, कारण काय होईल ते बाईंनी आधीच सांगितलं होतं.

त्यांनी गाठ सोडली. पान जाग्यावर आलं आणि घरटं झाकलं गेलं. चोराने ऐवज नेल्यावर कुलूप लावावं तसं. दोरा काढायचं भान राहिलं नाही.

"आज इतकं शांत कसं?" जाग आल्यावर बाईंनी विचारलं.

पलंगाखाली बाईंच्या चपला होत्या. दोन महिने न घातलेल्या. घड्याळजींनी चपलांकडे पाहिलं.

"उडाली," ते म्हणाले.

"तिन्ही? एवढ्या लवकर? तुम्ही पाहिलंत?"

"पाहिलं."

"मग तुम्हीच लिहा. मी कुठे पाहिलंय."

चाळीस वर्षं दुसऱ्यांची घड्याळं वेळेवर आणणाऱ्या त्या माणसाने आपल्या मुंगीएवढ्या अक्षरात लिहिलं: दुपारी तीन पिल्लं उडाली. बाईंच्या वहीतलं पहिलं खोटं. संध्याकाळपर्यंत शिंप्यांची जोडी अळ्या घेऊन पानाभोवती फिरत होती. बाई म्हणाल्या, "बघा, पिल्लांना हाका मारतायत." घड्याळजी उठून स्वयंपाकघरात गेले आणि नळ उगाचच सोडून उभे राहिले.

बाईंनी शब्द पाळला. पहिल्या दिवशी दोन पावलं, चौथ्या दिवशी दारापर्यंत. व्यायामवाली मुलगी टाळ्या पिटायची, आणि त्या प्रत्येक टाळीला घड्याळजी दचकायचे. बाईंचं पाऊल पुढे पडलं की त्यांच्या छातीत सुरी फिरायची. खरं सांगावं तर बाई पुन्हा पलंग धरतील, न सांगावं तर अन्न गोड लागत नव्हतं. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं.

दहाव्या दिवशी बाई म्हणाल्या, "चला, आज घरटं बघायला जाऊ. रिकामं झालंय, आता हात लावायला हरकत नाही."

उंबऱ्याशी बाईंनी आधारासाठी हात पुढे केला. घड्याळजींनी तो धरला, आणि मग त्यांच्याने राहवेना.

"बाई, ती उडाली नाहीत. भारद्वाजाने नेली. पान मी कापलं होतं. तुला दिसावीत म्हणून."

बाई जागच्या जागी उभ्या राहिल्या. घड्याळजींनी मनातल्या मनात पलंगापर्यंतचं अंतर मोजलं. आता कोसळली तर आपल्याला पेलवेल का?

"आणि वहीत लिहिलंत?"

"लिहिलं. तू उठावंस म्हणून."

बाईंनी हात सोडवून घेतला. "बाजूला व्हा."

"अगं, पायरी आहे."

"दिसतेय मला पायरी. बाजूला व्हा म्हटलं ना!"

एका हाताने भिंत धरून त्या पायरी उतरल्या. मग भिंत संपली. बदामापर्यंतची आठ-नऊ पावलं त्या कुणाच्याही आधाराशिवाय, रागाने ओठ घट्ट मिटून चालत गेल्या. घड्याळजी दोन पावलं मागे, हात अर्धवट पुढे करून. बाईंनी पान वर केलं, आत पाहिलं. लोंबणारा दोरा बोटाने चाचपला. मग कापलेल्या देठाकडे बराच वेळ बघत राहिल्या.

"वही आणा," त्या म्हणाल्या.

घड्याळजींना वाटलं, पान फाडणार. बाई म्हणाल्या, "खोडायचं नाही, फाडायचं नाही. त्याच्या खाली लिहा, पाहिलं ते."

झाडाखालच्या कट्ट्यावर बसून त्यांनी लिहिलं: वरचं खोटं आहे. तिन्ही पिल्लं भारद्वाजाने नेली. आडवं पान मी कापलं होतं. बाईंनी वाचलं, पेन मागून घेतलं आणि त्याखाली आपल्या गोल, शाळेच्या अक्षरात त्या लिहू लागल्या. मग वही घड्याळजींच्या मांडीवर ठेवून दुसरीकडे बघू लागल्या.

घड्याळजींनी चष्मा वर करून वाचलं: देठ कापलेला मला पहिल्याच दिवशी दुर्बिणीतून दिसला होता. पिल्लं बघायचा मोह सुटेना, म्हणून मी गप्प बसले.

त्यांनी ते दोनदा वाचलं. नोंदीला तारीख घालायची राहिली होती. ती त्यांनी घातली.