रविवारी पाच गोळ्या

एकोणीस वर्षं मी जळगावात एका सोन्याच्या दुकानाच्या दारात रायफल घेऊन उभा राहिलो आणि एकही गोळी मारली नाही. हे मी कोणालाच सांगितलं नव्हतं. कोणी विचारतच नाही. दारातल्या माणसाच्या खांद्याला बंदूक दिसली की लोकांना वाटतं, त्याला ती चालवता येत असणार. गिऱ्हाइकांची पोरं माझ्याशेजारी उभी राहून फोटो काढतात. एकदा मी खुर्ची मागितली तर रतिलालशेठ म्हणाले, वना, बसलेल्या माणसाला कोण भितं? तेव्हापासून पाय सुजले तरी उभाच.

रायफल माझ्या मामाची. शिरपूरच्या पुढे, सातपुड्याच्या पायथ्याला त्याचं शेत होतं. रानडुकरांचा त्रास म्हणून त्याने परवाना काढलेला. तीनशे पंधरा बोरची, लाकडी दस्त्याची जड रायफल. मामा गेला, मागे कोणी नव्हतं, कागदपत्रं होऊन ती माझ्या नावावर आली आणि तिच्या जोरावर मला दुकानात नोकरी लागली. घरी आणली त्या दिवशी बायकोला, यशोदेला, मी ऐटीत सांगून टाकलं की मामासोबत एकदा मीही डुक्कर पाडलंय. एका गोळीत. यशोदा किती तरी वेळ माझ्याकडे बघत राहिली होती. त्या नजरेसाठी माणूस काहीही बोलतो.

आता रतिलालशेठ घरी बसतात आणि गल्ल्यावर त्यांचा मुलगा हितेंद्र बसतो. पुण्यात शिकून आलेला, वाईट नाही, पण डोक्यात नवीन नवीन गोष्टी. जानेवारीतल्या एका सोमवारी त्याने मला आत बोलावलं. विम्याची माणसं येऊन गेली होती. तुमच्या गार्डने शेवटची गोळी कधी चालवली, असं त्यांनी विचारलं म्हणे. तेव्हा येत्या रविवारी धुळ्याजवळच्या फायरिंग रेंजवर जायचं. पाच गोळ्या मारायच्या, तीन तरी टार्गेटवर लागल्या पाहिजेत. तसा कागद सहीशिक्क्याचा मिळतो. मिळाला नाही तर एजन्सीची पोरं ठेवावी लागतील. "तुम्हाला काय," हितेंद्र म्हणाला, "तुम्ही तर जुने शिकारी."

म्हणजे डुक्कर दुकानापर्यंत पोचलं होतं.

त्याने एक यादी दिली. परवाना, फुल बाह्यांचा कॉलरचा शर्ट, बूट, टोपी, चष्मा, कानात घालायला काहीतरी, शस्त्र साफ करून आणावं. मी ती यादी दिवसातून दहा वेळा खिशातून काढून वाचायचो. शर्ट होता, बूट होते. यादीत नव्हतं तेच माझ्याकडे नव्हतं.

पहिली अडचण डोळ्याची. नेम धरताना डावा डोळा मिटतात, एवढं मला माहीत होतं. मी मिटायला गेलो तर दोन्ही मिटतात. आरशासमोर उभा राहून प्रयत्न केला. गाल वर गेला, ओठ वाकडा झाला, डोळा उघडाच. एक्कावन्न वर्षांचा माणूस आरशात डोळे मारतोय हे यशोदेने पाहिलं आणि ती भाकरी थापायला गेली.

दुसरी अडचण खांद्याची. शेजारच्या दुकानावर पंडित उभा असतो, त्याच्याकडे दुनळी बंदूक. त्याने सांगितलं की रायफलचा धक्का बैलाच्या लाथेसारखा बसतो, त्याच्या गावातल्या एकाचं हाड गळ्याजवळ मोडलं. मी विचारलं, तू कधी मारलीस? तो म्हणाला, मी कशाला मारू, मला कोण रविवारी नेतंय. त्या दिवशी मला पहिल्यांदा कळलं की आख्ख्या बाजारपेठेवर पहारा देणारे आम्ही बुजगावणी आहोत. मला हसू नाही आलं. राग आला, आणि रागाच्या खाली भीती होती ती तशीच राहिली.

बुधवारी जेवताना मी यशोदेला रविवारचं आणि त्या धक्क्याचं सांगितलं. तिने जुन्या गोधडीचा तुकडा कापून शर्टाच्या आत उजव्या खांद्याला गादी शिवली. शिवताना म्हणाली की डुक्कर मारलं तेव्हा नव्हती लागली का गादी. मी म्हणालो, तेव्हा वय होतं.

शेवटी मी यशोदेच्या भावाला फोन केला. प्रेमराज फौजेतून हवालदार म्हणून निवृत्त झालेला, धुळ्याला देवपुरात राहतो. माझ्याहून सात वर्षांनी लहान, पण बोलतो असा की मीच रंगरूट. शनिवारी सकाळी यशोदा आणि मी आमच्या एरंडोलहून एसटीने निघालो. रायफल कव्हरमध्ये, पिशवीत पाच काडतुसं, तीही मामाच्याच वेळची. पितांबरीने घासून मी ती मंदिरातल्या समईसारखी चमकवली होती. पारोळ्यापर्यंत मी यादी तीनदा वाचली.

देवपुरात पोचताच प्रेमराजने आधी काडतुसं काढून घेतली आणि ती बघून नाक मुरडलं. यशोदा आत भावजयीजवळ गेली. मग तो मला मागच्या अंगणात घेऊन आला, गोधडी अंथरली आणि म्हणाला, झोपा पालथे. मी झोपलो. त्याने रायफल हातात दिली. मी ती धरली आणि तो शेजारी उकिडवा बसला. फौजेतला माणूस असा खाली बसला की समजायचं, त्याने पाहायचं ते पाहिलं.

"दाजी," तो हळूच म्हणाला, "कधी एक तरी गोळी मारेल शे का?"

मी मातीकडे बघून नाही म्हणालो. एकोणीस वर्षांत पहिल्यांदा. तो हसेल असं वाटलं होतं. तो हसला नाही, त्याने आतून बहिणीचं टिकल्यांचं पाकीट मागवलं आणि सगळ्यात मोठी मरून टिकली माझ्या चष्म्याच्या डाव्या काचेवर चिकटवली. झाला डोळा बंद. खांद्याची गादी त्याने उसवली. दस्ता तिच्यावरून सरकला तर गाल फुटेल म्हणाला. मग नळीवर एक रुपया ठेवला आणि चाप असा ओढा की रुपया पडायला नको, असं सांगितलं. रिकामी रायफल, नुसता खटका. पहिल्या दहा वेळा रुपया पडला. अकराव्यांदा राहिला. दुपारपर्यंत दहातून सात वेळा राहायला लागला आणि मला वाटलं, जमेल. खरंच वाटलं. त्या आठवड्यात पहिल्यांदा मला भूक लागली.

जेवण झाल्यावर प्रेमराज म्हणाला, आता नळी साफ करू, मामाची सळई कुठंय? मी यशोदेकडे बघितलं. ती सळई आमच्या घरी कपाशीच्या वाळक्या काड्यांच्या जाळावर वांगी भाजायला वापरतात. लांब असते, हात पोळत नाही. प्रेमराजने कपाळाला हात लावला आणि आपली सळई काढली. मी ऐकवलं की मी दर शनिवारी रायफलला खोबरेल तेल लावतो. खोटं नव्हतं. बाहेरून ती आरशासारखी होती.

त्याने बोल्ट काढला, नळी उन्हाकडे धरली, मागून डोळा लावला. काढला, पुसला, परत लावला.

"दाजी, अंधार शे."

सळई तोंडाकडून चार बोटं गेली आणि अडकली. त्याने तिच्या टोकाला अडकलेलं ओढून काढायचा स्क्रू बसवला, फिरवला, ओढला. कापूस आला. पांढरा, त्याला कुंकू लागलेलं. परत घातला. परत कापूस, पिवळट. मग मातकट. मग काळा, तेलाने चिकट झालेला. अंगणात वर्तमानपत्रावर तो एकेक बोळा मांडत गेला आणि दुसऱ्याच बोळ्याला मला सगळं समजलं होतं.

आमच्याकडे वेचणीचा पहिला कापूस विकत नाहीत. तो देव्हाऱ्यात ठेवायचा आणि दसऱ्याला औतांवर एकेक पुंजका वाहायचा. नांगराला, विळ्याला, कोयत्याला. रायफल घरात आली तशी यशोदेने तिलाही वाहिला. गोल नळीवर पुंजका ठरेना, म्हणून तिने तो तोंडात खोचला. दुसऱ्या दिवशी दुकानात रतिलालशेठ ओरडले होते की बंदुकीच्या तोंडात बोळा दिसतोय, गिऱ्हाईक हसेल. पूजेचा कापूस काढून फेकायचा कसा? मी कानावरची पेन्सिल घेतली आणि तो आत सारला. पुढच्या वर्षी परत. नंतर नंतर तर घरीच सारायचो, हळदीकुंकू वाळायच्या आधी, विचारही न करता. दर दसऱ्याला एक.

यशोदा हात पुसत बाहेर आली. वर्तमानपत्राकडे बघितलं.

"दसराना कापूस शे हाऊ," ती म्हणाली.

मी तिच्यावर ओरडायला तोंड उघडलं. देवाचं नाव घेऊन नळी बुजवली, जीव गेला असता, असं बरंच काही तोंडात आलं होतं. ती शांतपणे म्हणाली, "मी नुसता ठेवा. मझार तुम्हीनच दाबा ना."

आत सारणारी पेन्सिल माझी होती.

प्रेमराजने मग सांगितलं तेव्हा तो मला दाजी म्हणाला नाही, वनाभाऊ म्हणाला. उद्या ही अशीच चालवली असती तर नळी फाटली असती. डोळे, बोटं, जे जवळ असेल ते गेलं असतं. आणि आता कापूस निघाला तरी आत गंज चढलाय, कारागिराने तपासल्याशिवाय हिच्यात काडतूस घालायचं नाही.

मग उद्या? संध्याकाळभर मी ओसरीवर बसून होतो. आजारी आहे म्हणून फोन करता आला असता. रायफल पडली, मोडली म्हणता आलं असतं. खोटं बोलायची मला सवय होती. पण दुकानात खरंच कोणी शिरलं असतं आणि मी चाप ओढला असता, तर चोराआधी मी मेलो असतो, आणि माझ्यामागे काउंटरवर उभ्या पोरीही सापडल्या असत्या. हे मनातून जाईना. आत यशोदा ते बोळे रुमालात बांधत होती.

रविवारी सकाळी प्रेमराजच्या मोटरसायकलवर रेंजवर पोचलो. हितेंद्रची गाडी उभी होती. तो मोबाईल हातात घेऊन तयार होता, माझ्या चष्म्यावरची टिकली बघून हसला. मी त्याला बाजूला नेलं, रुमाल सोडला आणि सगळं सांगितलं. डुक्कर पण. सांगताना आवाज फाटला, तरी थांबलो नाही.

त्याचा चेहरा उतरला. त्याने इकडेतिकडे पाहिलं आणि रुमालाची गाठ स्वतःच बांधली.

"हे कोणाला दाखवू नका. मी कागदाचं बघतो. तुम्हाला दारात उभंच तर राहायचंय."

शिवी दिली असती तर कमी लागलं असतं. दुकानाला दारात बुजगावणंच हवं होतं, हे त्याला माहीत होतं. फक्त मला माहीत नव्हतं.

रेंजवरचे मास्तर पांढऱ्या मिशांचे गृहस्थ होते, त्यांच्याकडे गेलो आणि म्हणालो, माझी रायफल चालवण्यासारखी नाही, मी आयुष्यात कधी गोळी मारलेली नाही, तुमची मिळेल का? त्यांनी माझा परवाना पाहिला, रेंजची रायफल आणि काडतुसं काढली, प्रेमराजला माझ्याजवळ बसायची परवानगी दिली. कानात घालायला मी काही आणलं नव्हतं. यशोदेच्या रुमालात गेल्या दसऱ्याचा पांढरा बोळा होता, त्याचे दोन तुकडे केले.

पालथा झोपलो. छाती जमिनीवर आपटत होती. नळीच्या टोकावरची नेमाची माशी हलत होती. प्रेमराजने पाठीवर बोट टेकवलं आणि म्हणाला, रुपया पडू द्यायचा नाही. चाप कधी ओढला गेला मला कळलं नाही. खांद्यावर खरंच लाथ बसली आणि समोरची आख्खी टेकडी कानात शिरली. नंतरच्या चार मी मारल्या. डोळे उघडे ठेवून मारल्या एवढं सांगतो.

दोन लागल्या.

मास्तर वहीत लिहायला लागले. हितेंद्र मागून म्हणाला, साहेब, पहिलीच वेळ आहे, तीन लिहा ना.

"दोनच लागल्या," मी म्हणालो. "दोनच लिहा."

मास्तरांनी दोन लिहिलं. पहिल्या दिवशी दोन म्हणजे वाईट नाही, पुढच्या महिन्यात या म्हणाले. हितेंद्र गाडीत बसला, काच वर केली आणि निघून गेला. सोमवारी दुकानाच्या दारात मी असणार की एजन्सीचा पोरगा, ते तो बोलला नाही.

देवपुरात पोचलो तर यशोदा फाटकात उभी. शर्टाचं बटण काढून तिने खांदा बघितला. वांग्यासारखा निळा झाला होता.

"दुखस का?"

"दुखस," मी म्हणालो. मग म्हणालो, ते डुक्कर मामाने मारलं होतं, मी नुसता बॅटरी धरून उभा होतो.

तिने हात काढून घेतला.

"मी तं बठ्ठा गावले सांगेल शे, डुक्कर तुम्हीन मारं म्हणीसन," ती म्हणाली आणि खांद्याला लावायला हळद गरम करायला आत निघून गेली.