सातवा रकाना: मातीचा उगम

मिमूनने चाळीस वर्षं गांजा पिकवला होता, पण कुंडीत कधीच नाही. त्याच्या डोंगरात कुंडी असायची ती पुदिन्याची. ती दाराशी ठेवायची, पाहुणा आला की चार काड्या खुडून चहात टाकायच्या, आणि पाहुणा गेला की किटलीतला उरलेला चहा तिच्यातच ओतायचा. किफ, म्हणजे गांजाचं तिथलं घरगुती नाव, उतारावर आपला आपण वाढायचा. वसंतात बी फेकायचं आणि पोलिसांची वाट बघायची, एवढीच त्याची लागवड.

मग सरकारचं मत बदललं. औषधासाठी म्हणून गांजा पिकवायला परवाने मिळू लागले, आणि जुनी वॉरंटं माफ झाली. मिमूनचं वॉरंट एकोणीस वर्षांचं होतं, कोणीतरी निनावी पत्र लिहिलं म्हणून निघालेलं. तेवढी वर्षं तो केतामाच्या बाजारात गेला नव्हता, त्याचं ओळखपत्र बाद झालं होतं, आणि मुलीचं लग्न तेतुआन शहरात लागलं तेव्हा तो ओढ्यापलीकडच्या शेळ्यांच्या गोठ्यात फोन कानाला लावून एकटाच नाचला होता. शेळ्यांनी थोडा वेळ बघितलं आणि मग चरायला लागल्या.

त्यामुळे मिमूनला परवाना हवा होता तो पिकासाठी कमी आणि कागदासाठी जास्त. त्याच्या नावाचा जगात एकच सरकारी कागद होता आणि तो त्याला शोधत होता. आता त्याला असा कागद हवा होता, ज्यावर त्याचं नाव असेल आणि जो भिंतीवर लावता येईल.

परवान्यासाठी परीक्षा होती. कचेरीने प्रत्येक अर्जदाराला मोजून सहा बिया दिल्या. नवीन जातीच्या, प्रत्येकीला नंबर. त्या कुंडीत लावायच्या, आणि तपासणीच्या दिवशी किमान चार जिवंत, गुडघाभर रोपं दाखवायची. सोबत अकरा रकान्यांचा तक्ता होता. सातव्या रकान्यात मातीचा उगम, आठव्यात खताचं नाव आणि वय. मिमूनने आठवा रकाना शेजारच्या पोरीकडून तीनदा वाचून घेतला. त्याला स्वतःचं वय नक्की माहीत नव्हतं.

तक्त्याबरोबर इंजिनिअर लुब्नाबाईंनी लिहिलेलं एक पत्रक होतं. बाई मेकनेस शहरातल्या, शेतीशास्त्र शिकलेल्या, आणि ह्या खोऱ्याच्या तपासणीवर नेमलेल्या. पत्रकात लिहिलं होतं की कुंडीतली माती हलकी हवी, पण पाणी धरणारी. पाणी धरणारी, पण तुंबू न देणारी. मुठीत दाबली तर गोळा व्हावी आणि बोट लावलं की सुटावी.

"अशी माती नसते," मिमूनची बायको तामू म्हणाली. "असा नवरा असतो, तोही दुसरीचा."

मिमूनने पहिली बी स्वतःच्या शेतातल्या लाल मातीत लावली, रंगाच्या रिकाम्या डब्यात. उतारावर ह्याच मातीत त्याच्या बापाचा किफ पुरुषभर उंच जायचा. डब्यात तिची आठ दिवसांत वीट झाली. कोंब वर आला, इकडे तिकडे बघितलं आणि मेला. मिमूनने डबा उलटा केला तेव्हा विटेवर डब्याच्या बुडावरचा कारखान्याचा शिक्का उलटा, पण सुवाच्य उमटला होता.

दुसरी बी शेजारच्या ऐय्यादच्या सल्ल्याने गेली. ऐय्यादचं आयुष्य खेचरांत गेलं होतं आणि जगातल्या कुठल्याही अडचणीवर त्याच्याकडे खेचराची लीद हाच उपाय होता. पाठदुखीवर त्याने तीच बांधली होती. तो स्वतः घमेलं भरून घेऊन आला, अजून वाफ निघत होती.

"ताजी आहे," तो अभिमानाने म्हणाला. "पावासारखी."

रोप तीन दिवसांत मुळापासून करपलं. ऐय्यादने ते नीट पाहिलं आणि दोष खेचरावर घातला. म्हणाला, त्या दिवशी ते रागात होतं.

आता चार बिया उरल्या आणि चारच रोपं दाखवायची होती. मिमूनची झोप उडाली. त्याने इस्सागेन गावच्या दुकानातून पिशवीतली माती मागवली. पिशवीवर ट्यूलिपचं चित्र होतं आणि माती समुद्रापलीकडून आली होती. उचलली तर काही उचलल्यासारखं वाटेना. मिमूनने नाक घालून वास घेतला. कसलाच नव्हता.

"ही माती इथवर आली कशी?" त्याने विचारलं.

"जहाजातून. कागदपत्रं असतात तिची," ऐय्याद म्हणाला.

मिमूनने पिशवीवरची छापील अक्षरं बोटाने चाचपली. मातीची कागदपत्रं होती. मग तामूने पत्रकाच्या मागची बारीक अक्षरातली ओळ शेजारच्या पोरीकडून वाचून घेतली. माती ह्याच प्रांतातली हवी, बाहेरची चालणार नाही. ट्यूलिपची पिशवी पुदिन्याच्या कामी आली. पुदिना त्यात बरा वाढला, पण चहाला चव येईना.

तेव्हा मिमूनला गोठा आठवला. खरं तर तो विसरला कधीच नव्हता, पण माफी मिळाल्यापासून तिकडे गेला नव्हता. सुटलेला माणूस तुरुंगाच्या रस्त्याने फिरायला जात नाही. गोठा त्याच्या मेलेल्या काकाचा, ओढ्यापलीकडे ओकच्या झाडाखाली. एकोणीस वर्षं पोलिसांची जीप आली की तो तिथे असायचा. आणि त्याच्याबरोबर शेळ्या. जमिनीवर ओकचा पाला, पाल्यावर लेंड्या, लेंड्यांवर चुलीतली राख, राखेवर चहाचा चोथा आणि त्यावर पुन्हा पाला. ते सगळं कुजून, वाळून, पुन्हा कुजून काळं झालं होतं. त्याने मूठभर उचलून दाबलं. गोळा झाला. बोट लावलं, सुटला.

लुब्नाबाईंच्या पत्रकातली माती त्याने एकोणीस वर्षं बसून स्वतः तयार केली होती, आणि त्याला वाटत होतं की आपण नुसते लपलोय.

त्याने चार डबे भरले, बुडाला खिळ्याने भोकं पाडली, आणि चारही रोपं अशी उठली की ऐय्यादने तीन दिवस त्याच्याशी बोलणं सोडलं. आठवा रकाना मिमूनने अंगणात बसून पोरीकडून भरून घेतला: शेळीची लेंडी, वय एक दिवस ते एकोणीस वर्षं. सातवा मात्र कोरा ठेवला. तिथे काय लिहावं हे त्याला कळेना. खरं लिहायची त्याला सवय नव्हती.

तपासणीच्या सकाळी तामूने घर झाडलं, जवाची भाकरी भाजली, नवं ऑलिव्हचं तेल वाटीत काढलं आणि शहरातली बाई येणार म्हणून पेटीतलं सगळ्यात चांगलं घोंगडं छपरावर ऊन द्यायला टाकलं. ते लाल होतं.

त्या खोऱ्यात प्रत्येक घराची एक खूण होती. कोणाची बायको शेळ्यांना मोठ्याने शिव्या द्यायची, कोणाकडे घागर उलटी ठेवायचे. मिमूनच्या घरी जीप दिसली की छपरावर लाल घोंगडं पडायचं. एकोणीस वर्षं त्या घोंगड्याला दुसरं काही कामच नव्हतं. त्यामुळेच ते नव्यासारखं राहिलं होतं.

मिमून ओढ्यावर रोपांसाठी पाणी भरत होता. त्याने वर पाहिलं. लाल घोंगडं. पाठोपाठ खालच्या वळणावर जीपचा भोंगा तीनदा वाजला. डोक्याने त्याला सांगितलं की बाबा रे, हे तुझेच पाहुणे आहेत. पण हे सांगून होईपर्यंत पाय अंगणात पोचले होते, हातांनी चारही डबे टोपलीत घातले होते आणि टोपली पाठीवर चढली होती. तामू आत भाकरी उलटत होती. ती बाहेर आली तेव्हा अंगणात चार गोल ओले ठसे होते.

पुढचं तामूने नंतर सांगितलं. जीपमधून इंजिनिअर लुब्नाबाई उतरल्या आणि त्यांच्यामागून हवालदार बेनइसा. बेनइसा ह्या खोऱ्यात मिमूनच्या वॉरंटाइतकाच जुना होता. त्याने तामूला, बाईला 'लल्ला' आणि पुरुषाला 'सी' लावायच्या तिथल्या अदबीने विचारलं, "लल्ला तामू, सी मिमून आहेत का घरी?"

आणि तामूच्या तोंडून, तिला कळायच्या आत, एकोणीस वर्षांचं उत्तर बाहेर पडलं. "कोण मिमून? तो मेला स्पेनला जाऊन. चार वर्षं झाली, एक पत्र नाही."

ऐय्याद कुंपणावरून डोकावला आणि मदत करायला म्हणाला की स्पेन नाही, बेल्जियम. शेजारच्या म्हातारीने तर मिमून लहानपणीच विहिरीत पडून गेला असं शपथेवर सांगितलं. तामूने जीभ चावली, खुणा केल्या, पण खोरं एकदा मदतीला लागलं की थांबत नसे.

लुब्नाबाईंनी तक्ता काढला. "अर्जदार परागंदा अथवा मयत," त्या लिहायला लागल्या. "अर्ज निकाली."

"बाई, जरा थांबा," बेनइसा म्हणाला. "मला माहीत आहे तो कुठे असेल."

"तुम्हाला माहीत आहे?"

"एकोणीस वर्षांपासून."

तासाभराने ते गोठ्यावर पोचले. मिमून ओकच्या बुंध्याला टेकून बसला होता, चार डबे मांडीपाशी. डोकं आता पायांच्या पुढे आलं होतं आणि आपण काय केलं ते त्याला पूर्ण कळलं होतं. बेनइसाला बघताच तो सवयीने उठला आणि सवयीनेच चुलीवर पाणी ठेवलं.

"पळालात का?" लुब्नाबाईंनी विचारलं.

"घोंगडं दिसलं," मिमून म्हणाला. ह्यापेक्षा खरं उत्तर त्याने आयुष्यात दिलं नव्हतं, आणि बाईंना ते काहीच कळलं नाही.

पण मग त्यांचं लक्ष रोपांकडे गेलं. गुडघे टेकून त्यांनी पानं उलटून पाहिली, पट्टी लावली, डब्यातली माती मुठीत दाबली. गोळा झाला. बोट लावलं, सुटला. त्यांनी पुन्हा केलं. शहरात शिकलेल्या बाईच्या चेहऱ्यावर तेव्हा जे आलं ते तामूने पाहिलं असतं तर दुसरीच्या नवऱ्याबद्दलचं वाक्य परत घेतलं असतं.

"ही माती कुठली?"

मिमूनने खाली बोट दाखवलं.

"मग अडचण आहे," बाई म्हणाल्या. त्यांचा आवाज खरंच उतरला. नियम असा होता की मातीच्या उगमाची जागा अर्जदाराने सलग किमान पाच वर्षं स्वतः वापरलेली असावी, आणि त्याचा सरकारी पुरावा हवा. घरपट्टी, वीजबिल, काहीही. ह्या गोठ्याचा काही कागद आहे का?

मिमूनने मान हलवली. गोठ्याचं वैशिष्ट्यच ते होतं, की त्याचा कुठेही कागद नव्हता. त्याने डब्यांकडे पाहिलं. चार हिरवीगार रोपं उभी होती. भिंतीवरचा कागद मात्र गेला.

बेनइसाने चहाचा घोट घेतला, पेला खाली ठेवला आणि खांद्यावरच्या पिशवीतून एक जाडजूड फाइल काढली. माफी झालेल्यांच्या फायली कचेरीत जमा करायच्या होत्या, म्हणून तो ती बरोबर घेऊन आला होता. त्याने चष्मा लावला आणि वाचलं.

"'आरोपी मिमून हा ओढ्यापलीकडील शेळ्यांच्या गोठ्यात कायम वास्तव्यास असल्याची खात्रीलायक माहिती. समक्ष गेलो असता चूल गरम आढळली. आरोपी आढळला नाही.'" त्याने पान उलटलं. "पुढच्या वर्षी तेच. त्याच्या पुढच्या वर्षी तेच. वर्षाला दोन, एकूण अडतीस अहवाल, बाई. प्रत्येकावर सही आणि चौकीचा शिक्का."

लुब्नाबाईंनी फाइल हातात घेतली. "अडतीस वेळा आलात आणि एकदाही सापडले नाहीत?"

"खालचं वळण धोक्याचं आहे," बेनइसा शांतपणे म्हणाला. "भोंगा वाजवावा लागतो."

मिमूनने त्याच्याकडे पाहिलं. बेनइसाने पाहिलं नाही. तो दुसरा पेला ओतून घेत होता.

सातवा रकाना त्याच दुपारी भरला गेला. पुराव्याच्या जागी अडतीस पानं जोडली. त्या प्रांतात आजवर इतका भक्कम वास्तव्याचा पुरावा कोणी दिला नव्हता, असं नंतर कचेरीतून कळवण्यात आलं.

परवाना महिन्याभरात आला. जाड कागद, हिरवा शिक्का, मधोमध मिमूनचं नाव. तामूने तो भिंतीवर लावायला खिळा ठोकला, तेवढ्यात पोरीने खालच्या अटी वाचल्या. परवानाधारकाचा पत्ता: शेळ्यांचा गोठा, ओढ्यापलीकडे. परवाना सदर पत्त्यावर दर्शनी भागी लावावा. परवानाधारकाने सदर पत्त्यावरच वास्तव्य करावे. तपासणी पूर्वसूचनेशिवाय होईल. न आढळल्यास परवाना रद्द.

खिळा भिंतीत तसाच राहिला. परवाना गोठ्यात ओकच्या खांबाला लागला, शेळ्यांचं तोंड पोचणार नाही इतक्या उंचावर.

आता मिमून कायद्याने तिथे राहतो. तामू भाकरी पोचवते आणि सुनावते की माणसा, फरारी होतास तेव्हा निदान जेवायला घरी यायचास. ते त्याला लागतं. म्हणून दुपारच्या वेळी, कोणी नाही असं बघून, तो लपत छपत ओढा ओलांडतो आणि स्वतःच्या घरी बाकल्याचं, म्हणजे वालासारख्या दाण्यांचं, सार प्यायला बसतो, दाराकडे तोंड करून.

जीप दिसली की तामू छपरावर लाल घोंगडं टाकते. मिमून वाटी तोंडाला लावून संपवतो आणि त्याच वाटेने, तसाच धावत गोठ्याकडे सुटतो. लुब्नाबाई तिथे पोचतात तेव्हा तो चार डब्यांपाशी बसलेला असतो, घामाघूम, आणि चूल गरम असते.

बेनइसा हल्ली खालच्या वळणावर भोंगा वाजवून थोडा जास्तच वेळ थांबतो. बाईंनी कारण विचारलं तर म्हणतो, वय झालं. कोणाचं, ते सांगत नाही.