बरकतपुऱ्यातला तुंबलेला सर्व्हर

मी एक जुना सर्व्हर आहे. सध्या नामपल्लीला एका भंगारवाल्याच्या गोदामात पडलोय. डोक्यावर दोन फुटके कूलर आणि एक मोडका वजनकाटा आहे. मित्रांनो, सर्व्हर म्हणजे काय ते सांगू? जो एकटा राबतो, शंभर जणांची कामं उरकतो, आणि बंद पडल्याशिवाय ज्याची कुणाला आठवण येत नाही, असा कॉम्प्युटर. तुमच्या घरात आई असते ना, साधारण तसाच.

माझा जन्म परदेशातला. त्या वेळी सरकारनं बाहेरच्या मालाला नुकतीच दारं उघडली होती, त्यामुळे माझ्यासारखे पुष्कळ जण खोक्यात बसून इकडे यायला लागले होते. मी मद्रासच्या बंदरात उतरलो आणि ट्रकमधून धक्के खात हैदराबादला, बरकतपुऱ्यात आलो. तिथं हिम्मतराव साहेबांनी पेजरची कंपनी काढली होती.

पेजर तुम्ही बघितला नसणार. पट्ट्याला लावायची एक छोटी डबी. कुणाला निरोप द्यायचा असला की आमच्याकडे फोन करायचा. आमची ऑपरेटर मुलगी तो निरोप टाइप करायची आणि मी तो हवेतून त्या डबीवर धाडायचो. चारचौघांत डबी वाजली की डबीवाल्याची छाती अशी फुगायची की शर्टाची बटणं घाबरायची.

सुरुवातीला माझे लाड विचारू नका. हळदकुंकू, नारळ, हार. ऑफिसात एकच एसी होता, तो माझ्या खोलीत. साहेबांच्या केबिनला नुसता पंखा. धूळ नको म्हणून सगळ्यांनी चपला-बूट बाहेर काढून माझ्यापाशी यायचं. साहेबांच्या मोज्याला अंगठ्यापाशी भोक आहे, हे अख्ख्या स्टाफला कळलं ते माझ्या कृपेनं.

आणि निरोप तरी कसले! ‘येताना कोथिंबीर आणा.’ ‘आई आलीय, तुम्ही सिनेमाला गेलात तरी चालेल.’ मी सगळं वाचायचो आणि कुणाचं कुणाला सांगायचो नाही. मजेत होतो.

मग दुखणं सुरू झालं. सकाळी मी घोड्यासारखा पळायचो, पण दुपार कलली की तुंबायचो. निरोप आत येऊन साचायचे, तासन्‌तास बाहेर जायचे नाहीत. हिम्मतरावांचं आधी स्कूटरच्या स्पेअर पार्टचं दुकान होतं. त्यांचं औषध ठरलेलं.

“तापलाय तो. बंद करा, थंड होऊ द्या, मारा किक!”

किक म्हणजे माझं बटण. बंद करून चालू केलं की मी पळायचो, हे खरं. पण तोवर पोटात साचलेले निरोप पुसले जायचे, आणि मला काय झालं होतं तेही पुसलं जायचं. दुसऱ्या दिवशी दुपारी पुन्हा तेच. मला तोंड नव्हतं, मित्रांनो. कुणी विचारलं तरच मी सांगू शकत होतो, आणि विचारत कुणीच नव्हतं.

एक दिवस चिक्कडपल्लीच्या कुसुमताई ऑफिसात आल्या. त्या बाळंतपणं करायच्या. एका घरून ‘कळा सुरू झाल्या, लगेच या’ असा निरोप आला होता. तो त्यांच्या डबीवर पोचला तेव्हा त्या बाईची रिक्षातच सुटका झाली होती. बाळ वाचलं, पण आई दवाखान्यात पडून होती.

“माझ्या नावावर विश्वासून होती ती,” कुसुमताई म्हणाल्या. त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं, इतक्या हळू म्हणाल्या.

हिम्मतरावांना काहीतरी उत्तर द्यायला हवं होतं. त्यांनी सगळ्या स्टाफसमोर आमच्या ऑपरेटर माधवीकडे बोट केलं. “फोन हिनं घेतला होता. हिनंच टाइपायला उशीर केला. शनिवार हिचा शेवटचा.”

माधवी मूळची नांदेडकडची. तिचे वडील भिवाजी एका शाळेत शिपाई होते आणि घरात दुसरा पगार तिचाच होता. “साहेब, मी लगेच टाइपलं,” एवढंच ती म्हणाली. खरं होतं. निरोप माझ्या पोटात अडकला होता. पण ते मलाच ठाऊक.

त्याच आठवड्यात पुण्याहून रसिका नावाची कॉम्प्युटर इंजिनियर आली. माझं दुखणं काढायला तिला बोलावलं होतं. तोवर मला तपासायचं म्हणजे बंद करून उघडायचं, एवढंच सगळ्यांना माहीत. रसिकाची तऱ्हा वेगळी. तिनं माझ्यात एक इवलासा प्रोग्रॅम सोडला. मी पळत असतानाच तो मला प्रश्न विचारायचा. आज हा प्रश्न, उद्या तो, लागेल तसा बदलायचा, आणि उत्तर मिळालं की गप्प बसायचा. सारखी चौकशी केली तर आजारी माणूस चौकशीनंच दमतो, हे तिला कळत होतं. खरं सांगतो, इतक्या दिवसांत पहिल्यांदा कुणीतरी विचारलं, बाबा रे, तुला होतंय काय?

दुपारी मी तुंबलो. तिनं विचारलं, डिस्क भरली? नाही. मेमरी संपली? नाही. तिसरा प्रश्न टाइप होत होता, तेवढ्यात हिम्मतराव आले आणि त्यांनी बटण दाबलं. सगळं काळं.

“अहो साहेब!”

“झाला की नाही चालू? तुम्ही पुणेवाले विचार फार करता, मॅडम.”

“पेशंट शुद्धीवर असतानाच विचारावं लागतं, कुठं दुखतंय ते. तुम्ही त्याला झोपवलंत.”

“झोपला तर झोपला. उठला ना?” ते हसत निघून गेले. माधवी दारात उभी होती. उद्याच शनिवार होता.

शनिवारी दुपारी मी पुन्हा तुंबलो. या वेळी रसिका खुर्ची घेऊन माझ्या बटणाला पाठ लावून बसली. बाहेर फोनवर फोन वाजत होते.

“ताई, लोकं बोंबलायलेत,” माधवी म्हणाली. “मला शिव्या द्यायलेत. दाबू द्या साहेबांना बटण.”

“दाबलं तर चूक तुझीच राहील. चालेल?”

 माधवीनं परत जाऊन हेडफोन कानाला लावला आणि शिव्या ऐकत राहिली.

हिम्मतराव आले. “सरका मॅडम! दिल्लीचे पाहुणे कंपनी बघायला येऊन राहिले, कायकू परेशान करता?”

“माझ्यावरून जाऊन दाबा,” रसिका म्हणाली आणि तिनं मला विचारलं, कोण थांबलंय? मी सांगितलं, सगळे निरोप. कुणासाठी थांबलेत? मी सांगितलं, पाटीसाठी.

पाटी म्हणजे बाहेर रिसेप्शनमधला मोठा पडदा. ‘आजचे निरोप’ आणि खाली पळता आकडा. साहेबांची हौस. रिसेप्शनवरचा विवेक टाय लावून रोज सकाळी ती सुरू करायचा. ती दर सेकंदाला मला विचारायची, किती झाले? की मी सकाळच्या पहिल्या निरोपापासून मोजायला बसायचो. मोजताना ढिगाला हात लावायचा नाही, नाहीतर आकडा चुकतो. सकाळी ढीग लहान, म्हणून पटकन व्हायचं. दुपारी ढीग डोंगराएवढा. एक मोजणी संपेना, तोवर दुसरी हजर. निरोप बिचारे रांगेत उभे. बटण दाबलं की पाटीही दुसऱ्या सकाळपर्यंत बंद पडायची, म्हणून मी बरा व्हायचो.

रसिका उठली, बाहेर गेली आणि तिनं पाटीची वायर उपटली.

“मॅडम! पाटी गेली! पाहुणे जिन्यात आहेत!” विवेक किंचाळला. पण तोवर माझ्यातून सगळे निरोप भर्रकन सुटले होते. साहेबांच्या पट्ट्यावरची डबी वाजली. मग वाजतच राहिली. सगळे त्यांच्या कमरेकडे बघत होते.

रसिकानं संध्याकाळपर्यंत पाटी दुरुस्त केली. पुन्हा पहिल्यापासून न मोजता, प्रत्येक निरोपाला फक्त एक मिळवत जायचं. मी बरा झालो, मित्रांनो. पण गोष्ट इथं संपत नाही.

“येऊ दे माधवीला सोमवारपासून,” हिम्मतराव म्हणाले. “मी कुठं नाही म्हणतोय?”

माधवी म्हणाली, “साहेब, तुम्ही सगळ्यांसमोर म्हटलं होतं की चूक माझी. आता सगळ्यांसमोर सांगा की नव्हती. कुसुमताईंना पण सांगा.”

“अगं, परत घेतोय ना? मग जुनं नक्को काढू.”

“साहेब, दोन वाक्यांचं काम आहे,” रसिका म्हणाली.

“मालकानं स्टाफसमोर कान धरायचे? उद्या झाडूवाला पण मागेल!” ते हसले. विवेक मान खाली घालून टायकडे बघत राहिला. 

माधवीनं हेडफोनची वायर नीट गुंडाळून टेबलावर ठेवली. “येते ताई,” म्हणाली, दाराबाहेर जाऊन चपला घातल्या, आणि गेली ती गेलीच. त्या वेळी माझ्यात एकही निरोप अडकत नव्हता. इतका सुरळीत मी कधीच चाललो नव्हतो, आणि इतकं वाईट मला कधीच वाटलं नव्हतं.

त्यानंतर नवीन मुली आल्या. प्रत्येकीला साहेब पहिल्याच दिवशी सांगायचे, “हात चालव बरं का, नाहीतर त्या माधवीसारखं होईल.” मी ऐकायचो. पुढं मोबाइल आले, पेजर मेले, कंपनी बुडाली. माझा एसी आधी विकला, मग मला विकलं.

मित्रांनो, एखादं यंत्र अडलं तर लगेच त्याचं बटण दाबू नका. ते चालू आहे तोवर त्याला नीट विचारा, ते सांगतं. आणि माणसावर खोटा आळ घेतला असेल, तर ज्या आवाजात घेतला त्याच आवाजात मागे घ्या, तिथंच, त्याच लोकांसमोर. भंगारवाला लवकरच मला फोडून माझ्यातलं तांबं काढणार आहे. माझं काही नाही. पण हैदराबादेत कुठं माधवी नावाची बाई तुम्हाला भेटली, तर तिला एवढं सांगा, की तिनं दिलेला निरोप मला अगदी वेळेवर मिळाला होता.